यकृत सावरले, मग हाडे का दुखतात?

पौष-माघात जुन्नर तालुक्यात कांद्याची लागण सुरू झाली की पिंपळवंडी, आळे, ओतूर या पट्ट्यातल्या बायका दिवसाचे सात-आठ तास वाकून किंवा उकिडवे बसून रोपे लावतात. संध्याकाळी कंबर धरलेली असते, मांड्या भरून आलेल्या असतात. त्याची तक्रार सहसा कोणी करत नाही, आणि केली तरी घरातले कोणी दचकत नाही. ऊसतोड, टोमॅटोची बांधणी, दूध घालायला पहाटे उठणे या सगळ्यात अंग दुखणे गृहीतच धरलेले असते. म्हणूनच ज्या आजाराबद्दल मी लिहितो आहे त्याला लपून राहायला आपल्या भागाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. हा आजार हाडांचा दिसतो, पण सुरू होतो मूत्रपिंडात, आणि त्याचे कारण असते यकृत वाचवण्यासाठी रोज घेतलेली एक गोळी.

हिपॅटायटिस बी, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘पांढरी कावीळ’ म्हणतात, त्यावर वर्षानुवर्षे विषाणूविरोधी औषध घेणाऱ्यांपैकी थोड्या लोकांची हाडे मऊ पडतात. वैद्यकात याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. लहान मुलांना होणारा मुडदूस जुन्या माणसांना चांगला माहीत आहे. मोठ्या माणसाला तोच झाला तर जे होईल, ते हे. हा दुष्परिणाम सरसकट सगळ्यांना होत नाही, ठळक स्वरूपात तर तो दुर्मीळच आहे. पण ज्याला होतो त्याचे चालणे-उठणे बंद पडू शकते. वेळेवर ओळखला तर मात्र तो बहुतेकांत बरा होतो. इतका बरा होणारा आजार केवळ कोणी विचारले नाही म्हणून दोन-दोन वर्षे अंगावर काढला जावा, हे मला सहन होत नाही.

आधी ही गोळी इतकी वर्षे का घ्यावी लागते ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांच्या शरीरात हिपॅटायटिस बीचा विषाणू कायमचा वस्तीला होता. त्यातले जवळजवळ तीन कोटी भारतात होते. अनेकांना तो जन्माच्या वेळी आईकडून किंवा लहानपणीच मिळालेला असतो. काहींना निर्जंतुक न केलेल्या सुईतून, रक्तातून किंवा शरीरसंबंधातून मिळतो. हा विषाणू यकृताच्या पेशीच्या केंद्रकात शिरून स्वतःच्या जनुकांची एक गोल, बंद प्रत ठेवून देतो. आजची औषधे विषाणूच्या नव्या प्रती निघू देत नाहीत, पण ही आत ठेवलेली मूळ प्रत त्यांच्या हाती लागत नाही. औषध चालू असेपर्यंत रक्तातला विषाणू जवळपास दिसेनासा होतो, यकृताची सूज उतरते, सिरॉसिस आणि कर्करोगाचा धोका कमी होतो. औषध थांबले की आतली प्रत पुन्हा कामाला लागते. त्यामुळे उपचार सुरू झाला की तो पाच, दहा, वीस वर्षे, पुष्कळदा जन्मभर चालतो.

या औषधांचा उगम प्रागमध्ये आहे. चेक रसायनशास्त्रज्ञ अंतोनीन होली आणि बेल्जियममधल्या लुवेनचे विषाणूतज्ज्ञ एरिक द क्लर्क यांनी १९७० च्या दशकापासून एकत्र काम केले. त्यातून रेणूंचे जे घराणे निघाले त्यात सिडोफोव्हिर, अडेफोव्हिर आणि टेनोफोव्हिर ही तीन भावंडे होती. तिघांनाही विषाणू रोखता येतो आणि तिघांचेही मूत्रपिंडाशी कमी-अधिक वाकडे आहे. अडेफोव्हिर आधी एचआयव्हीसाठी मोठ्या मात्रेत तपासले गेले. मूत्रपिंडाला इजा होते असे दिसल्याने १९९९ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने त्याच्या विरोधात कौल दिला. तेच औषध दिवसाला अवघ्या १० मिलिग्रॅम मात्रेत २००२ मध्ये हिपॅटायटिस बीसाठी मंजूर झाले. एवढीशी मात्रा मूत्रपिंडाला सोसेल असा अंदाज होता. एक-दोन वर्षांच्या चाचण्यांत तो खराही ठरला. पण माणसे हे औषध एक-दोन वर्षे घेणार नव्हती. चार, सहा, आठ वर्षांनी चीन, जपान आणि दक्षिण कोरिया इथल्या डॉक्टरांपुढे वेगळेच रुग्ण येऊ लागले. त्यांचे यकृत ठीक होते, विषाणू आटोक्यात होता, पण माणूस काठी टेकत किंवा खुर्चीतून उठता न येण्याच्या अवस्थेत आला होता. बरगड्या आणि खुबे दुखत होते, एक्स-रेत हाडांना भेगा दिसत होत्या. या देशांत अडेफोव्हिर मोठ्या प्रमाणावर वापरले गेले होते, म्हणून या दुष्परिणामाचे सर्वांत जास्त वर्णन तिथूनच आले.

भारतात आज अडेफोव्हिर मागे पडले आहे. त्याची जागा टेनोफोव्हिरने घेतली. ते २००१ मध्ये एचआयव्हीसाठी आणि २००८ मध्ये हिपॅटायटिस बीसाठी मंजूर झाले. टेनोफोव्हिर आतड्यातून नीट शोषले जात नाही. म्हणून त्याला एक रासायनिक जोड देऊन ३०० मिलिग्रॅमची गोळी केली, तिचे पूर्ण नाव टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते बहुधा ‘टीडीएफ’ असे लिहिलेले असते. २००९ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने या औषधावरचे पेटंटचे अर्ज फेटाळले, त्यामुळे आपल्या देशातल्या कंपन्यांना ते स्वस्तात बनवता आले. याचे मोल थोडे नाही. महाराष्ट्रात हे औषध खेडोपाडी प्रथम पोहोचले ते एचआयव्हीच्या एआरटी केंद्रांतून. मग २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि हिपॅटायटिस बीच्या रुग्णांनाही सरकारी उपचार केंद्रांत ते मोफत मिळू लागले. हजारो यकृते या गोळीने वाचली आहेत. पुढे जे सांगणार आहे ते वाचताना हे विसरता कामा नये.

आता मूत्रपिंडाकडे वळू. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचे सगळे परत रक्तात घेतले जाते, आणि हे परत घेण्याचे बहुतांश काम गाळणीला लागूनच असलेल्या नळीचा पहिला भाग करतो. साखर, अमिनो आम्ले, बायकार्बोनेट, छोटी प्रथिने आणि फॉस्फेट तिथेच अडवले जातात. इतके काम करायचे तर ऊर्जा लागते, म्हणून या नळीच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी गच्च भरलेल्या असतात. टेनोफोव्हिर शरीराबाहेर जाते तेही याच पेशींतून. एका बाजूचे वाहक प्रथिन त्याला रक्तातून पेशीत ओढते, दुसऱ्या बाजूचे त्याला लघवीत सोडते. ओढणे जास्त आणि सोडणे कमी झाले की औषध पेशीत साचत जाते आणि मायटोकॉन्ड्रियांना इजा करते. पेशी थकली की परत घेण्याचे काम बिघडते. मग जे रक्तात राहायला हवे ते लघवीतून वाहून जाऊ लागते. सगळेच पदार्थ गळू लागले तर त्या अवस्थेला फँकोनी सिंड्रोम म्हणतात. झुरिचचे बालरोगतज्ज्ञ ग्विदो फँकोनी यांचे हे नाव.

यात एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. मूत्रपिंडासाठी आपण नेहमी जी तपासणी करतो, क्रिएटिनिनची, ती मुख्यतः गाळणीचे काम मोजते. नळी बिघडली आणि गाळणी शाबूत असली तर क्रिएटिनिन बराच काळ नॉर्मल राहू शकते. ‘किडनी ठीक आहे’ हा शेरा मग खरा असूनही अपुरा ठरतो.

गळणाऱ्या पदार्थांत हाडांना सर्वांत महाग पडते ते फॉस्फेट. हाड म्हणजे कोलॅजन या प्रथिनाची वीण आणि तिच्यात बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे खनिज. शरीर जुने हाड रोज थोडे थोडे खोदून काढते आणि नवे भरते. रक्तात फॉस्फेट कमी असले तर वीण तयार होते, पण खनिज बसत नाही. स्लॅबच्या सळया बांधून झाल्या आणि काँक्रीट आलेच नाही, तर तो स्लॅब जसा आपल्याच वजनाने लवेल, तसे हे हाड लवते. त्यात आणखी एक भर पडते. ड जीवनसत्त्वाला कामाचे रूप देणारे शेवटचे पाऊलही मूत्रपिंडाच्या याच पेशींत पडते. पेशी दुखावल्या की तेही रेंगाळते आणि आतड्यातून कॅल्शियम-फॉस्फेट शोषले जाणे कमी होते. म्हणजे जे खाल्ले त्यातले कमी आत येते, आणि जे आत आले त्यातले जास्त बाहेर जाते.

ऑस्टिओपोरोसिस वेगळा. त्यात हाडाचा माल कमी होतो, पण जो असतो तो पक्का असतो. तो सहसा मोडेपर्यंत दुखत नाही. ऑस्टिओमलेशियात हाड आधीपासूनच दुखते. दुखणे खोल, मुरल्यासारखे असते. बरगड्या, खुबे, मांड्या, कंबर, तळपाय आणि घोटे या जागा धरतात. बरगडीवर किंवा नडगीवर बोटाने दाबले तरी कळ येते. फॉस्फेट कमी झाल्याने स्नायूही अशक्त होतात, विशेषतः मांड्यांचे आणि खांद्यांचे. आपल्याकडे खाली बसण्याची सवय असल्यामुळे हे लक्षण लवकर कळायला हवे, कारण मांडी घालून जेवायला बसलेला माणूस हात टेकल्याशिवाय उठू शकत नाही. शौचाला बसून उठणे अवघड होते. एसटीची पायरी चढताना दांडा दोन्ही हातांनी धरावा लागतो. चाल बदकासारखी डुलती होते. पण नेमके याच लक्षणाला आपण ‘आता वय झालं’ म्हणून निकालात काढतो, मग त्या बाईचे वय पंचेचाळीसच का असेना.

समजा पिंपळवंडीतली अशी एक बाई आहे. पांढऱ्या काविळीसाठी सहा वर्षांपासून टीडीएफ घेते. यकृताचे डॉक्टर पुण्यात, ऐंशी-नव्वद किलोमीटरवर. तिथे ती वर्षातून दोनदा जाते. व्हायरल लोड शून्य, यकृत छान, गोळ्या चालू ठेवा. पाच मिनिटांत काम होते. कंबर दुखते हे ती तिथे सांगत नाही, कारण पोटाच्या डॉक्टरला कंबरेचे काय सांगायचे? कंबरेसाठी ती आळेफाट्याला किंवा नारायणगावला हाडांच्या डॉक्टरांकडे जाते. तिथे ते विचारतात, “मावशी, कुठल्या गोळ्या चालू आहेत?” ती म्हणते, “काही नाही, काविळीची एक आहे.” काविळीची गोळी म्हणजे लिव्हरचे टॉनिक असावे असे समजून ती बाजूला पडते. तिघांतही दोष कोणाचा नाही. पण एका बाजूला यकृताची फाईल, दुसऱ्या बाजूला हाडांची फाईल, आणि दोन्ही एकत्र ठेवून पाहणारे कोणी नाही. माझ्या मते या आजारातली सर्वांत मोठी अडचण औषधाचा रेणू नसून ही दोन फाइलींमधली फट आहे.

या फटीत काय काय होते ते पाहिले की काळजी वाटते. हाड बिघडले की रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचे विकर वाढते. पण ते यकृतातूनही येते आणि यकृताच्या नेहमीच्या तपासणीत ते असतेच. हिपॅटायटिसच्या रुग्णात ते वाढलेले दिसले की नजर साहजिकच यकृताकडे वळते. बाकीचे यकृताचे आकडे आणि जीजीटी हे दुसरे विकर ठीक असेल, तर वाढ हाडांतून आली असण्याचा संभव जास्त, हे दर वेळी कोणाच्या ध्यानात येतेच असे नाही. काही रुग्णांचा हाडांचा स्कॅन होतो. त्यात बरगड्या, कटिबंध, पाय अशा अनेक ठिकाणी ठळक ठिपके दिसतात आणि कर्करोग हाडांत पसरला की काय अशी शंका येते. हिपॅटायटिस बीच्या रुग्णाला यकृताच्या कर्करोगाचा धोका असतोच, त्यामुळे ती शंका खरी वाटते आणि घरावर आभाळ कोसळते. कोणाला संधिवात किंवा मणक्याचा ताठरपणा सांगितला जातो. कोणाच्या हाडांची घनता मोजली जाते, ती कमी येते आणि ऑस्टिओपोरोसिसची औषधे सुरू होतात. त्यातली काही औषधे हाडाची झीज थांबवतात, पण खनिजच बसत नसलेल्या हाडात ती अपाय करू शकतात.

सर्वांत वाईट वळण मात्र दुखण्याच्या गोळीचे. गावात डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन हा अंगदुखीचा हुकमी उतारा आहे. या जातीची वेदनाशामके मूत्रपिंडावर ताण आणतात आणि टेनोफोव्हिर घेणाऱ्या माणसात तो ताण जास्त भारी पडतो. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातही या जोडीबद्दल इशारा आहे. म्हणजे गोळीमुळे हाड दुखते, हाड दुखते म्हणून इंजेक्शन, इंजेक्शनमुळे मूत्रपिंड आणखी थकते आणि फॉस्फेट आणखी गळते. याच्या जोडीला नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात. कॅल्शियम कार्बोनेट आतड्यात फॉस्फेटला बांधून ठेवते. मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना ते त्याच कामासाठी देतात. फॉस्फेट आधीच कमी असलेल्या माणसाला तपासणीविना फक्त कॅल्शियम देत राहणे म्हणून शहाणपणाचे नाही. छातीत जळजळते म्हणून वर्षानुवर्षे घेतलेली अॅल्युमिनियमयुक्त पातळ औषधेही हेच करतात.

धोका कोणाला जास्त? वय साठीच्या पुढे, आधीपासून मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, रक्तदाब, स्टेरॉइडचा दीर्घ वापर, पूर्वी साध्या पडण्याने हाड मोडलेले असणे. आणि कमी वजन. याविषयी आपल्याकडे जास्त बोलायला हवे. गोळी ३०० मिलिग्रॅमची, ती ८० किलोच्या माणसाला तीच आणि ३८ किलोच्या बाईला तीच. आशियातल्या अभ्यासांत हलक्या वजनाच्या लोकांत मूत्रपिंडाच्या तक्रारी जास्त दिसल्या आहेत. शेतात राबणाऱ्या, शेवटी उरलेले खाणाऱ्या आपल्या कितीतरी बायका याच गटात मोडतात.

त्यांच्या हाडांची मूळची शिल्लकही फार नसते. आपल्याकडे ऊन भरपूर, मग ड जीवनसत्त्व कमी कसे पडेल, असे लोक विचारतात. पण देशभर केलेल्या पाहण्यांत ते पुष्कळांत कमी आढळले आहे. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयाशी जोडलेल्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुले आणि स्त्रियांच्या हाडांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. कॅल्शियम कमी असलेला आहार आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता हा त्यातला वारंवार येणारा विषय. डोक्यावरून पदर, पूर्ण बाह्या, सावळी त्वचा, आणि दूध डेअरीला घालून घरात उरते ते चहापुरते. अशा शरीरात फॉस्फेटची गळती सुरू झाली तर हाडाला तग धरायला फार वेळ मिळत नाही.

तपासण्या काही दुर्मीळ नाहीत. रक्तातले फॉस्फरस, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फेटेज, आणि लघवीची साधी तपासणी. अडचण इतकीच की यकृताच्या ठरावीक तपासणीत फॉस्फरस नसते, ते वेगळे लिहून घ्यावे लागते. मोठ्या माणसात ते प्रति डेसिलिटर साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असते. दोनच्या खाली घसरले आणि पुन्हा तपासल्यावरही तसेच आले तर गंभीरपणे घ्यावे. लघवीत साखर आहे पण रक्तात नाही, ही फार बोलकी खूण आहे. गाळलेली साखर परत घेणारी नळी बिघडल्याशिवाय सहसा असे होत नाही. अपवाद मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांचा, त्या मुद्दाम साखर लघवीत सोडतात. लघवीत थोडे प्रथिन, रक्तात युरिक आम्ल कमी, बायकार्बोनेट कमी अशा आणखी खुणा मिळाल्या तर चित्र पुरे होते. एक्स-रेत खुब्याजवळ, कटिबंधात किंवा बरगडीवर हाडाला काटकोनात आडवी, फिकट पट्टी दिसते. तिला स्विस शल्यविशारद एमिल लोझर यांचे नाव आहे. दोन्ही बाजूंना सारखीच अशी पट्टी दिसली तर अनुभवी डॉक्टर लगेच थबकतात.

इथवर वाचून कोणाच्या घरात ही गोळी चालू असेल आणि आजपासून ती बंद करावी असे मनात आले असेल, तर तसे मुळीच करू नका. गोळी अचानक थांबवली की दबलेला विषाणू उसळी घेतो. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत यकृताला जबर सूज येऊ शकते, आणि ज्यांचे यकृत आधीच सिरॉसिसने जायबंदी आहे त्यांच्या जिवावर बेतू शकते. हाडे मऊ पडण्यापेक्षा ही भीती कितीतरी मोठी आणि जवळची आहे. आपल्या भागात काविळीवर नाकात थेंब घालणारे, हातावर डाग देणारे, झाडपाला देणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या भरवशावर ही गोळी सोडलेल्या माणसाला काही दिवस बरेही वाटते, कारण विषाणूची उसळी यायला वेळ लागतो. म्हणून गोळी बदलायची असते, सोडायची नसते, आणि बदलायची तीही डॉक्टरांनी.

बदलायला पर्याय आहेत. एंटेकाव्हिर हे वेगळ्या घराण्याचे औषध, २००५ पासून वापरात. मूत्रपिंड आणि हाडे यांच्या बाबतीत ते सुरक्षित मानले जाते. मात्र पूर्वी लॅमिव्ह्युडिन घेऊन ज्यांचा विषाणू त्याला निर्ढावला आहे, त्यांच्यात एंटेकाव्हिर कमी पडते. दुसरा पर्याय टेनोफोव्हिरचेच नवे रूप, टेनोफोव्हिर अलाफेनामाइड, चिठ्ठीवर ‘टीएएफ’. हिपॅटायटिस बीसाठी ते २०१६ मध्ये मंजूर झाले. हे रूप रक्तात टिकून राहते आणि यकृताच्या पेशीत गेल्यावरच उघडते. म्हणून ३०० ऐवजी २५ मिलिग्रॅम पुरते आणि रक्तात मोकळे फिरणारे टेनोफोव्हिर जवळपास नव्वद टक्क्यांनी कमी होते. मूत्रपिंडाच्या नळीपर्यंत थोडेच पोहोचते. युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्येच सांगितले की साठीपुढच्या, हाडांचे किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेल्या किंवा फॉस्फेट कमी असलेल्या रुग्णांना एंटेकाव्हिर किंवा टीएएफ द्यावे. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही टीडीएफसोबत या दोन्ही औषधांचा समावेश आहे. म्हणजे मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवणाऱ्या माणसालाही, तक्रार नीट नोंदवली गेली आणि जिल्ह्याच्या उपचार केंद्रापर्यंत पोहोचली, तर औषध बदलण्याचा मार्ग आहे.

गरोदर बायकांबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण नुसते अर्धवट ऐकून घाबरण्याची शक्यता त्यांच्यातच जास्त. आईच्या रक्तात विषाणू फार असेल तर बाळाला लागण होऊ नये म्हणून गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत टीडीएफ देतात. हा काळ थोडा असतो. हाडे मऊ पडण्याचा प्रश्न वर्षानुवर्षांच्या वापराचा आहे. त्या भीतीने बाळाचे संरक्षण टाळू नये. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस मिळालीच पाहिजे. ज्या मुलाला ती वेळेवर मिळाली, त्याच्यावर पुढे ही गोळी घेण्याची वेळ बहुधा येणारच नाही.

औषध बदलले, फॉस्फेट आणि गरजेप्रमाणे ड जीवनसत्त्वाचे योग्य रूप दिले की शरीर उत्तर देऊ लागते. काही आठवड्यांत रक्तातले फॉस्फरस वर येते. दुखणे ओसरायला दोन-तीन महिने लागतात, कोणाला सहा. स्नायूंत ताकद येते आणि माणूस पुन्हा हात न टेकता उठू लागतो. नवे खनिज झपाट्याने बसत असताना अल्कलाइन फॉस्फेटेज आधी थोडे वाढू शकते, त्याने घाबरून उपचार थांबवू नयेत. एक्स-रेतल्या पट्ट्या भरून येतात आणि हाडांची घनता नुसत्या ऑस्टिओपोरोसिसच्या उपचारात क्वचितच दिसेल इतक्या वेगाने वाढते, कारण वीण तयारच होती, खनिजाचीच वाट होती. बहुतेकांची नळी सावरते. थोड्यांची पूर्ण सावरत नाही, विशेषतः ज्यांचा उशीर फार झाला त्यांची. टीएएफवर गेल्यावरही पहिली काही वर्षे फॉस्फरस आणि लघवी तपासत राहावे लागते, कारण धोका कमी झाला तरी शून्य झालेला नसतो.

२०२४ च्या मार्गदर्शनात जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटिस बीचे उपचार पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त लोकांना सुरू करावेत असे सांगितले आहे. ते योग्यच आहे. त्याचा अर्थ पुढच्या वर्षांत आपल्या तालुक्यातही ही गोळी घेणारी माणसे वाढतील, आणि तरुणपणी सुरू केलेली ती तीस-चाळीस वर्षे घेतील. म्हणून प्रत्येक खेपेला यकृताच्या तपासण्यांबरोबर फॉस्फरस आणि लघवीची तपासणी व्हावी. हाडांच्या डॉक्टरांकडे जाताना काविळीच्या गोळीचे पाकीट सोबत न्यावे, आणि पुण्याला यकृताच्या डॉक्टरांपुढे बसल्यावर कंबर किती दिवसांपासून दुखते हेही सांगावे.